नापासकाकांच्या गाडीचा तडा

बाटल्यांची झाकणं आणि बुचं बनवणाऱ्या कारखान्यात नापासकाकांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. टेबलाशी बसायचं, झाकण दिव्यासमोर धरायचं आणि ते का चालणार नाही ते शोधून काढायचं. ते मिळालंच नाही तर झाकण उलटं धरून पुन्हा शोधायचं. मॅनेजर हात जोडायचा, "अहो साहेब, ही भेग तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाही हो!" त्यावर काका चष्मा पुसत म्हणायचे, "म्हणूनच तर मला ठेवलंय." कंपनी इतकी वर्षं चालली ती दुसऱ्या पाळीच्या तपासनिसामुळे, असं त्यांच्या माघारी लोक म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

निवृत्त होताना कंपनीने त्यांना त्यांचे दोन्ही शिक्के भेट दिले. 'नापास'च्या शिक्क्याची मूठ घामाने काळी कुळकुळीत झाली होती. 'पास'चा शिक्का कालच दुकानातून आणल्यासारखा. शिवाय त्यांनी स्वतः नाकारलेल्या मालाचे नमुने एका पत्र्याच्या डब्यात, कप्पे पाडून, नंबर घालून घरी आणले. लोक निवृत्तीच्या दिवशी फोटो घरी आणतात, यांनी पुरावे आणले.

घरात आल्यावरही नजर काही निवृत्त झाली नाही. बायकोने नवी बादली आणली की ती आधी खिडकीतल्या उजेडात जायची. वर्तमानपत्रातल्या चुकांना लाल गोल पडायचा. निवृत्तीच्या कितीतरी आधी, लेक पहिलीत असताना तिने घराचं चित्र काढलं होतं. काकांनी ते कारखान्यात नेऊन त्यावर कौतुकाने शिक्का मारून आणला, नापास, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, "धूर चिमणीच्या बाहेरून निघतो आहे." बायको दोन दिवस बोलली नाही. लेक मात्र हुशार. तिने ते चित्र भिंतीवर लावलं, आणि पुढे दरवर्षी निकाल आला की म्हणायची, "शाळेने पास केलंय. तुमचं काय ते तुम्ही बघा."

तर या घरात एकोणीस वर्षांपूर्वी एक गाडी आली, आणि लेक चोवीस वर्षांची झाली तेव्हा त्या गाडीच्या डॅशबोर्डला तडा गेला. नेमकी त्याच आठवड्यात लेकीला नोकरीची चिठ्ठी आली.

नोकरी चांगली होती. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात, पाणी तपासायची. म्हणजे बापाचाच धंदा, फक्त झाकणाच्या ऐवजी आतला माल. पण केंद्र सव्वादोनशे किलोमीटरवर, राहायची खोली गावाबाहेर, आणि बस दिवसातून दोनदा, तीही आली तर. एक तारखेला हजर व्हायचं होतं. हातात चोवीस दिवस.

"बाबा, गाडी मी नेऊ?" लेकीने विचारलं.

काकांचा जन्मभराचा एकच नियम होता: गेटबाहेर गेलेला माल पुन्हा तपासता येत नाही. आणि आता एकाच दिवशी, एकाच गेटातून, घरातल्या तपासण्यासारख्या दोन्ही गोष्टी बाहेर पडणार होत्या. पण असं काही बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "ने की! तुझीच आहे. फक्त डॅशबोर्ड दुरुस्त होऊ दे. फुटक्या डॅशबोर्डची गाडी माझ्या हातून बाहेर जाणार नाही."

"नाही तर काय!" बायको लगेच म्हणाली. नवऱ्याचं म्हणणं तिने पहिल्या झटक्यात मान्य केलं, असं तीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. काकांना तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. रोज सकाळी सात वाजता काका खाली उतरायचे, गाडीचं दार उघडायचे आणि तडा मोजायचे. तडा समोरच्या काचेखालून निघून मधल्या जाळीला वळसा घालत डावीकडे गेला होता. काकांनी त्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण केली, तारीख घातली, आणि शंभर पानी वहीत रकाने आखले: दिनांक, वेळ, लांबी, रुंदी, शेरा, निकाल. निकालाच्या रकान्यात रोज ठसठशीत शिक्का पडायचा. तो कुठला, हे सांगायला नको.

"अहो, तडा आहे तो. बाळ नव्हे रोज वजन करायला," शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कुंपणावरून म्हणाले.

"रोग समजल्याशिवाय औषध करायचं नसतं, पोस्टमास्तर."

"आणि तोवर रोगी?"

काकांनी पट्टी तड्यावर आडवी धरली. ते रुंदी मोजत होते.

चौथ्या दिवशी लेकीनेच विषय काढला. "बाबा, मोजून झालं असेल तर आता काहीतरी करा ना."

मग काकांनी केलं. भेग पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाशी बारीक भोक पाडतात, हे त्यांना कारखान्यापासून ठाऊक होतं. ताण भोकाशी येऊन थांबतो. उपाय शंभर टक्के बरोबर होता. तीन मिलिमीटरचं ड्रिल आणलं, जागा आखली, बायकोला टॉर्च धरायला लावलं आणि सुरुवात केली. पण एकतीस वर्षं दुसऱ्याच्या हातचं काम नाकारणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने एकही भोक पाडलेलं नव्हतं. वरचं आवरण गेलं, स्पंज गेला, आणि ड्रिल धसकन आत घुसलं. खाली काचेकडे हवा नेणारी नळी होती.

"झालं?" बायकोने विचारलं.

"झालं," काका म्हणाले. काय झालं ते मात्र संध्याकाळी गाडी मोठ्या रस्त्यावर काढल्यावर कळलं. काटा साठच्या वर गेला आणि डॅशबोर्डमधून शिट्टी वाजायला लागली. बारीक, लांबलचक, ऐन वळणावर कुणीतरी हाक मारावी तशी. साठच्या खाली आलं की बंद, वर गेलं की पुन्हा सुरू. लेक हसून हसून बेजार झाली. काका पुढे बघत गंभीरपणे म्हणाले, "तडा थांबला की नाही ते महत्त्वाचं."

तडा थांबला नव्हता. भोकाला बगल देऊन तो अर्धा सेंटिमीटर पुढे गेला होता, जसा काही रस्त्यात खड्डा पाहून वळलाय.

मग बदलायचं ठरलं. जुन्या गाड्या मोडीत काढणाऱ्याचं मोठं आवार गावाबाहेर होतं. तिथे याच गाडीचे सात डॅशबोर्ड निघाले. मोडवाला ते एकेक काढून उन्हात मांडत होता आणि काका एकेक नाकारत होते. एकाचा रंग उतरलेला. एकावर कुणीतरी बॉलपेनने हिशेब केलेला. एकाच्या कोपऱ्यावर लहान मुलाच्या दातांच्या खुणा.

"दात कुणाचे असतील, काय माहीत," काका म्हणाले.

"अहो काका, दात घेऊन जायचे नाहीत, डॅशबोर्ड घेऊन जायचाय!" मोडवाला घाम पुसत म्हणाला.

सातवा निर्मळ होता. काकांनी तो उलटा केला, सुलटा केला, भिंग लावलं. घाम फुटला, पण दोष सापडेना. लेक बाजूला उभी राहून बघत होती. शेवटी काकांनी तो नाकाजवळ नेला.

"याला वास येतो."

"कसला?" मोडवाल्याने विचारलं.

"दुसऱ्याच्या गाडीचा."

मोडवाल्याने लेकीकडे बघितलं. "ताई, तुमचे वडील डॅशबोर्ड शोधतायत की जावई?"

परत येताना लेक एक शब्द बोलली नाही. गाडी मात्र साठच्या वर गेली की बोलायची.

बारा दिवस उरले. तडा वाढतच होता. आता त्याला दोन फाटेही फुटले होते. काका रोज सकाळी काचेला आतून चंदेरी पडदा लावत, ऊन परतवणारा, चंदेरी बाजू बाहेर. डॅशबोर्डवर उन्हाचा ठिपका पडत नव्हता. तरी हे कसं? त्यांनी वहीत कारणांची यादी केली: हवेतला दमटपणा, रस्त्याचे धक्के, मूळ मालातला दोष. ती यादी त्यांना मनापासून आवडली.

शेऱ्याच्या रकान्यात मात्र एक गोष्ट येत राहिली. आठव्या दिवशी: "दु. ३.४० वा. पडद्याची चंदेरी बाजू आत." नवव्या दिवशी: "पडदा उलटा. उजव्या कोपऱ्यात घडी." अकराव्या दिवशी: "पडदा सुलटा, पण खालची कड वर." काका रोज जेवून दीड ते साडेतीन झोपत. लेक त्या वेळी घरात नसे, नोकरीच्या कागदपत्रांमागे हिंडत असे. गाडीची दुसरी किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असे. एक हजार झाकणांतून एक चिरलेलं झाकण काढणाऱ्या माणसाने ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहिली, पुन्हा वाचली, आणि पुढे लिहिलं, "कारण अज्ञात. निरीक्षण चालू." मग वही मिटून ते चहा प्यायला गेले. बायकोने चहा दिला. तिचं नाक उन्हाने लाल झालं होतं. काका म्हणाले, "आज चहा छान झालाय." तिच्या हातातून बशी पडता पडता राहिली.

आठ दिवस उरले तेव्हा लेकीने वही वाचली. ती चोरून वाचायची गरजच नव्हती, वही डॅशबोर्डवरच असायची. आपल्या बापाचीच मुलगी ती. तिने शेऱ्याचा रकाना वरून खाली वाचला, तड्याची लांबी शेजारी ठेवून बघितली, आणि जेवणाच्या टेबलावर एवढंच म्हणाली, "उद्या दहा वाजता आपण तिघं सीटवाल्या बाईंकडे जातोय."

"तिघं कशाला?" आईने विचारलं.

"टॉर्च धरायला."

सीटवाल्या बाईंचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे, मध्ये जाड शिलाईचं मशीन, आणि जमिनीवर उघड्यावाघड्या सीटा. बाई पन्नाशीच्या, कमरेला कात्री, तोंडात खिळे. त्यांनी गाडीचं दार उघडलं, तड्यावरून अंगठा फिरवला आणि तोंडातले खिळे काढून हातावर घेतले.

"गाडी रोज उन्हात का तापवता?"

"शक्यच नाही," काका म्हणाले. "रोज पडदा असतो. नोंद आहे."

"नोंद असेल हो. पण हे बघा." बाईंनी तडा नखाने उचकटला. "हे जुनं टोक. यात धूळ बसलीय, काळं पडलंय. हे पुढचं सगळं कोरं. पंधरा दिवसांतलं. पडद्याखालचा डॅशबोर्ड असा फाटत नाही. याला कुणीतरी रोज भर दुपारी ऊन दिलंय. पापड वाळवावेत तसं."

मशीनचं चाक तेवढं थोडं फिरून थांबलं.

"मी दिलं," बायको म्हणाली.

कुणीच काही विचारलं नाही, तरी तिचा धबधबा सुरू झाला. "दोनच तास द्यायचे मी. यांनीच म्हटलं ना, डॅशबोर्ड झाला की जायचं! मग म्हटलं, होऊच नये. एकटी पोर, एवढा लांब रस्ता, मधे तो घाट, ट्रकवाले बघताय ना कसे चालवतात! गाडी एकोणीस वर्षांची. टायर फुटला तर? कुणी लिफ्ट मागितली तर? आणि ही कशी चालवते तुम्हाला माहितीये का, बाई? एका हाताने! डोळ्याला डोळा नाही माझ्या पंधरा दिवस. तडा दोन बोटं पुढे गेला की तेवढं बरं वाटायचं."

"आई!" लेक म्हणाली.

"काय आई! बोल, काय बोलायचंय ते."

लेक मात्र वडिलांकडे वळली. वही तिच्या हातात होती. "आईचं कळलं मला. तिने निदान मेहनत तरी केली. तुम्ही काय केलंत? आठव्या दिवशी पडदा उलटा. नवव्या दिवशी उलटा. कारण अज्ञात? बाबा, तुम्हाला? घरात माणसं तीन, त्यात एक झोपलेलं आणि एक बाहेर!"

आयुष्यात पहिल्यांदा काकांनाच कुणीतरी दिवा लावून, उलटंसुलटं करून बघत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तरीही ती समोरच होती.

"गेटबाहेर गेल्यावर मला तपासता येत नाही," ते कसंबसं म्हणाले.

"तपासू नका ना मग. मी पोचले की फोन करीन."

सीटवाल्या बाईंनी खिळे पुन्हा तोंडात टाकले, आणि मग आठवून परत काढले. "तुमचं झालं असेल तर सांगते. डॅशबोर्ड पूर्ण काढावा लागेल. तडा थोडा रुंद कापून त्यात लवचीक भरण भरीन, घासून सपाट करीन, वरून नवं रेक्झिन चढवीन. तीन दिवस. आणि हे भोक कुठल्या शहाण्याने पाडलं?"

शहाण्याने छताकडे बघितलं.

"ते पण बुजवते."

"नाही!" बायको एकदम पुढे झाली. "ते नका बुजवू. तेवढं राहू द्या."

"अहो, लोक भोक बुजवायला येतात माझ्याकडे."

"येऊ देत. साठच्या वर गेली की त्यातून शिट्टी वाजते, बाई! म्हणजे हिला कळेल तरी. मी शेजारी बसलेय असं समजून वाजू दे." आणि लेकीकडे वळून म्हणाली, "भोक राहणार असेल तर जा. नसेल तर उद्यापासून पुन्हा ऊन देते की नाही बघ."

लेकीने कपाळाला हात लावला. काकांनी मात्र बायकोकडे नव्याच नजरेने बघितलं. त्यांच्या हातून झालेली एकुलती एक चूक या घरात पास होत होती.

तीन दिवसांनी डॅशबोर्ड आला तो काळाभोर, नितळ, आणि डावीकडे एक सुबक भोक. बाईंनी त्याच्याभोवती शिवण घालून पितळी कडी बसवली होती, बुटाच्या नाडीच्या भोकाला असावी तशी. काकांनी अर्धा तास भिंग घेऊन बघितलं. शिवणीचा एक टाका वाकडा होता. त्यांनी तोंड उघडलं, लेकीकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

एक तारखेला सकाळी सात वाजता गाडी निघाली. आईने खिडकीतून आत वाकून सूचना दिल्या, त्या संपेनात म्हणून पोस्टमास्तरांनी कुंपणावरून टाळ्या वाजवल्या. काका नुसते पुढच्या टायरांकडे बघत उभे होते. गाडी कोपऱ्यावर वळली. मग दोघं घरात आले आणि बराच वेळ कुणीच खुर्चीवर बसलं नाही.

काकांना काही सुचेना म्हणून त्यांनी नमुन्यांचा डबा काढला आणि पुसायला घेतला. तिसऱ्या कप्प्याशी हात थांबला. तीन नंबरचं बूच जागेवर नव्हतं. तीन मिलिमीटरचं, काळं, रबरी. नऊ वर्षांपूर्वी त्याची अख्खी खेप त्यांनी नाकारली होती: "उष्णतेत मऊ पडते." मॅनेजर रडकुंडीला आला होता. काकांनी डबा हळूच मिटला.

दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. बायकोने झडप घातली.

"पोचलीस? नीट? वाटेत थांबलीस? कुठे? पाव तास? आणि शिट्टी? खरं सांग हं. एकदाही नाही?" तिचा चेहरा उजळला. तिने फोनवर हात ठेवून काकांना सांगितलं, "ऐकलंत ना? एकदाही वाजली नाही! पूर्ण रस्ता साठच्या आत. उगाच मी पोरीवर संशय घेत होते." मग फोन त्यांच्या हातात कोंबून ती पोस्टमास्तरांच्या बायकोला ही बातमी सांगायला कुंपणाकडे धावली.

काकांनी घड्याळाकडे बघितलं. सव्वादोनशे किलोमीटर. साठच्या आत राहून, कुठेही न थांबता, पावणेअकराच्या आधी पोचणं कुणालाच शक्य नव्हतं. पाव तासाचा चहा धरला तर अकरा. त्यांनी आकडे एकदा मनात सुलटे मांडले, एकदा उलटे. दोष स्पष्ट होता. खिडकीतून बायकोचं हसणं ऐकू येत होतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

वहीचं शेवटचं पान समोर उघडं होतं. त्यांनी लिहिलं, "शिट्टी – नाही." निकालाच्या रकान्यासाठी त्यांनी तो नवा कोरा शिक्का काढला, शाईवर दाबला आणि उठवला. अक्षरं फिकट आली, पण आली.

"बाबा? आहात ना?" फोनमधून लेक म्हणाली.

"आहे." काकांनी आवाज खाली आणला. "हे बघ, तीन नंबरचं बूच उन्हात मऊ पडतं. गाडी उभी केलीस की पडदा लावत जा."

पलीकडे गाडीचं दार उघडल्याचा आणि पडदा उलगडल्याचा आवाज आला.

"चंदेरी बाजू बाहेर ना, बाबा?"

"बाहेर," काका म्हणाले. "आणि हळू चालव गं."